टोकियोपर्यंत गेलेली शिट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगत असताना मधेच कुणी हसलं की माझी लिंक तुटते. आणि ह्या गोष्टीत लिंक तुटली तर तुम्हाला कळणारच नाही, की एक बरा शिकलेला, चारचौघांत उठबस असलेला माणूस स्वतःला एवढ्या खोल खड्ड्यात घालून कसा घेतो.

तर, माझ्याविरुद्ध कंपनीत तक्रार झाली होती. साधीसुधी नाही, थेट टोकियोला. चौकशीला टोकियोहून बाई आली. विमानानं. माझ्या एकट्यासाठी. आमच्या खानदानात कुणाच्या कामासाठी कधी कुणी जवळच्या वैजापूरहूनही आलं नव्हतं.

मी राहायला पडेगावात, नोकरीला वाळूजच्या पट्ट्यात, एका जपानी मालकीच्या कारखान्यात. गाडीच्या दाराला आतून रबराची पट्टी असते बघा, धूळ-पाणी आत येऊ नये म्हणून, ती आम्ही बनवतो. मी तिथं एचआर मॅनेजर. रजा, भांडणं, कॅन्टीनची भाजी, बसचा रस्ता, कुणाच्या लग्नात कंपनीतर्फे कुणी जायचं, हे सगळं शेजूळ साहेबांकडं. शेजूळ म्हणजे मीच.

आमचे एमडी नाकागावा साहेब. अख्ख्या कारखान्यात जपानी माणूस हा एकच. नाव मात्र लोकांना पहिल्या दिवशी पाठ झालं, कारण त्यात नाकही आहे अन् गावही. साहेब शांत स्वभावाचे. एखादी गोष्ट पटली नाही तर ते ‘नाही’ म्हणत नाहीत, दातांतून हवा आत ओढतात. गोष्ट जेवढी नापसंत, तेवढी हवा जास्त. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझंही तोडकं, त्यामुळं आमचं छान जमायचं.

आता टोकियोचं ऐका. तिथं मुख्य कंपनी, तिचं संचालक मंडळ, त्यात बाहेरून आणलेले स्वतंत्र संचालक आणि त्यांची ऑडिट कमिटी. ह्या कमिटीवर नवीन अध्यक्ष आले, एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, की जगभरातल्या आपल्या कारखान्यांत उद्या साहेबच चुकत असला, तर ते आपल्याला कोण सांगणार? म्हणून निघाली हेल्पलाइन. कुठल्याही कामगारानं फोन करायचा, आपल्या भाषेत बोलायचं, नाव सांगायचं नाही. तक्रार एमडीच्या डोक्यावरून उडत थेट टोकियोला.

ह्याला इंग्रजीत ‘व्हिसल ब्लोअर पॉलिसी’ म्हणतात, आणि तिचं मराठी करायचं काम माझ्याकडं आलं. मी शब्दाला शब्द ठेवून ‘शिट्टी वाजवणाऱ्यांचे संरक्षण धोरण’ असं केलं आणि सकाळच्या पाळीला गेटवर उभा राहून वाचून दाखवलं.

आमचे युनियनचे अध्यक्ष अंबादास खरात. भरदार मिशा, आवाज त्याहून भरदार. त्यांनी हात वर केला. “साहेब, म्हंजी आता शिट्टी मारली तरी नोकरीला धक्का नाय?”

सगळी पाळी हसली. लेडीज लाइनच्या बाया तर पदर तोंडात धरून हसल्या. तेव्हापासून तिचं नाव पडलं शिट्टी लाइन.

मी गंभीरपणानं पुढं वाचत राहिलो. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील. तक्रारदार कोण, हे शोधायचा कुणीही प्रयत्न करायचा नाही. आणि शेवटचं कलम, की जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला नोकरीवरून काढण्यात येईल. हे मी सगळ्यात मोठ्या आवाजात वाचलं. दोनदा. मला वाटलं, त्याशिवाय धाक बसायचा नाही.

बसला. कित्येक महिने एकही फोन गेला नाही.

टोकियोहून दर महिन्याला विचारणा यायची, तक्रारी किती? मी अभिमानानं कळवायचो, शून्य. मला वाटायचं, तिकडं न्यायाधीश साहेब माझं नाव घेत असतील, की बघा, हा शेजूळ कसा कारखाना चालवतो. एके दिवशी नाकागावा साहेबांनी बोलावलं. ते नावापुढं ‘सान’ लावतात, आपण ‘राव’ लावतो तसं.

“शेजूळ-सान,” ते म्हणाले, “शून्य.”

“हो साहेब,” मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी हवा ओढली. चांगली दोन फुफ्फुसं भरतील एवढी. “टोकियोला शून्य आवडत नाही. टोकियो म्हणतं, जिथं एवढी माणसं आहेत तिथं शून्य तक्रारी म्हणजे एकतर माणसं घाबरलेली आहेत, नाहीतर फोन बंद आहे.”

“माणसं घाबरलेली नाहीत साहेब.”

“मग फोन चालू आहे का, ते कृपया तपासा.”

बस्स. एवढंच. तुमच्यापैकी कुणीही काय केलं असतं? फोन लावला असता, “हॅलो, आवाज येतोय का? येतोय? ठीक आहे,” म्हणून ठेवून दिला असता. बरोबर? पण मी पडलो एचआरचा माणूस. मी आगीची रंगीत तालीम घेतो तेव्हा कुणाला आधी सांगत नाही. मी ठरवलं, तपासायचं तर खरीखुरी तक्रार करून तपासायचं. शेवटी सांगायचं, की बाई, ही चाचणी होती.

आता तक्रार कुणाविरुद्ध करायची? दुसऱ्या कुणाचं नाव घेणं मनाला पटेना. उगाच बिचाऱ्याच्या नावाला डाग. म्हणून म्हटलं, स्वतःचंच घेऊ. केवढा सज्जनपणा बघा माझा.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, बायकोचा मोबाइल घेतला आणि गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी बसलो, आवाज बदलला, आणि नंबर लावला.

पलीकडून एक बाई बोलल्या. काय आवाज होता हो. मऊ, शांत. “नमस्कार. तुम्ही आत्ता सुरक्षित ठिकाणी आहात का?”

“व्हय जी,” मी आमच्या पैठणकडच्या चुलत्यासारखा आवाज काढला. “गच्चीवर हाय.”

“घाबरू नका. तुमचं नाव मी विचारणार नाही. काय झालंय ते सावकाश सांगा.”

“आमचा तो शेजूळ साहेब हाय ना, एचआरचा,” मी म्हणालो, “त्यो जेवण झालं की ट्रेनिंग रूममधी जाऊन झोपतोय.”

“अरे रे,” बाई म्हणाल्या. “रोज?”

“रोज. कडी लावून.”

“आणखी काही?”

इथं माझा घात झाला. मी इतकी वर्षं एचआरमधी आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकतो. माझं कुणी ऐकून घेत नाही. घरी बोलायला तोंड उघडलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. आणि इथं एक बाई मन लावून ऐकतेय, मधे बोलत नाही, वर विचारतेय ‘आणखी काही?’ मला राहवेना. मी सांगत गेलो. शेजूळ साहेब कुणाला बोलू देत नाही. कॅन्टीनवाला त्याच्या घरी डबे पाठवतो. रजा मागायला गेलं तर आधी पाऊण तास स्वतःच्या तरुणपणच्या गोष्टी सांगतो.

“तुम्हाला त्यांची भीती वाटते का?” बाईंनी हळूच विचारलं.

“भीती?” मी म्हणालो. गळा दाटून आला होता माझा, खरं सांगतो. “लई भीती वाटती बाई. सगळा कारखाना चळचळा कापतोय त्याला.”

“तुमच्या धाडसाबद्दल आभार,” त्या म्हणाल्या. “भीतीचा उल्लेख आला की तक्रार आम्ही त्याच दिवशी वरच्या कमिटीकडं पाठवतो.”

आता सांगायचं होतं, की बाई, ही चाचणी. तेवढ्यात जिन्यातून बायको वर आली. वर्षा तिचं नाव. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अहो, हे कुणाच्या आवाजात बोलताय? आणि कोण शेजूळ झोपतो?”

मी दचकलो आणि फोन कट केला.

वर्षाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग लावा परत आणि सांगा की खोटं होतं.” सरळ गोष्ट होती. मी पुन्हा लावला, ह्या वेळी स्वतःच्या आवाजात. पण फोन दुसऱ्याच माणसानं घेतला.

“मघाशी एक तक्रार झालीय,” मी म्हणालो, “वाळूजच्या शेजूळ साहेबांविरुद्ध. ती मागं घ्यायची होती.”

“आपण कोण बोलताय?”

“मी शेजूळ.”

तो माणूस एकेक शब्द तोलत म्हणाला, “म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, तेच ती मागं घ्यायला सांगताहेत?”

“तसं नाही हो. मीच केलीय ती.”

“साहेब,” तो म्हणाला, “अशी तक्रार आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही. पण तुमच्या ह्या फोनची नोंद मी करतोय.”

वर्षानं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, जाऊ दे, फोन चालू आहे हे तर सिद्ध झालं.

पुढच्याच आठवड्यात नाकागावा साहेबांनी केबिनमधी बोलावलं. नेहमी ग्रीन टी द्यायचे, त्या दिवशी दिला नाही. माझ्याकडं असं बघत होते, जसं आपण दवाखान्यात पाहुण्याकडं बघतो, ज्याचा रिपोर्ट आपल्याला माहीत आहे पण त्याला नाही.

“शेजूळ-सान. फोन चालू आहे.”

“वा,” मी म्हणालो.

“टोकियोहून ओनो-सान येत आहेत. ऑडिट विभागाच्या. एका मोठ्या तक्रारीच्या चौकशीसाठी. कुणाविरुद्ध, ते मी सांगू शकत नाही.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “ट्रेनिंग रूमची किल्ली माझ्याकडं द्या.”

मी तिथंच सगळं सांगून टाकणार होतो. तोंड उघडलंही. पण साहेब पुढं म्हणाले, “ज्यानं फोन केला तो फार शूर माणूस आहे. भीतीनं कापत होता, तरी बोलला. त्यानंतर आरोपीनं फोन करून तक्रार दाबायचा प्रयत्नही केला. कमिटीच्या अध्यक्षांना फार राग आलाय.”

आता सांगा, ह्यावर काय बोलणार? खरं सांगावं तर खोटी तक्रार केल्याचं कलम. गेटवर उभं राहून, दोनदा, मीच वाचलेलं. न सांगावं तर दडपशाहीचा आरोप. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते चालू, आणि माझी नोकरी मधी लोंबकळतेय. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो.

बाहेर खरात उभे. कारखान्यात बातमी माझ्या आधी पोचली होती.

“साहेब, शिट्टी वाजली म्हणं. तुमच्यावरच.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ते सोडा. तुमच्याशी आपलं रोज वाजतंय, ती गोष्ट येगळी. पण टोकियोपर्यंत जायचं म्हंजी लई खालची पातळी. मला वाटतंय स्टोअरचा पवार असंल.”

“पवार नाही.”

“मंग पॅकिंगचा तो नवीन सुपरवायझर.”

“तो पण नाही.”

“तुम्हाला कसं मालूम?”

मग मला आठवलं म्हणून बोललो, “खरात, तक्रारदाराला शोधायचं नसतं. धोरण आहे.”

खरातांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. “एवढं होऊनबी तुम्ही त्याला सांभाळून घेताय. मोठ्या मनाचा माणूस.” आणि त्यांनी ते जाऊन सगळ्या पाळीला सांगितलं. संध्याकाळी बसमधी लोकांनी मला खिडकीची जागा दिली. मला त्या जागेवर बसवेना. आणि पवार बिचारा, त्याच्याशी कुणी बोलेना म्हणून एकटाच मागच्या सीटवर. मी जाऊन त्याच्याशेजारी बसलो, तर त्याला वाटलं मी दम द्यायला आलोय. तो पुढच्या स्टॉपला उतरला. त्याचं घर अजून लांब होतं.

ओनो-सान आल्या. बुटक्याशा, पन्नाशीच्या आसपास, काळा कोट, सोबत पुण्याहून आणलेली एक दुभाषी मुलगी. भेटल्यावर वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. त्या जास्त वाकल्या. मी आणखी वाकलो. आरोपी कमी वाकला असं व्हायला नको, म्हणून मी वाकतच राहिलो, शेवटी नाकागावा साहेबांनी खांद्याला धरून सरळ केलं.

त्या ट्रेनिंग रूममधी बसल्या आणि एकेकाला आत बोलवायला लागल्या. मी माझ्या टेबलावरून दार उघडताना-मिटताना बघत होतो. सिक्युरिटीवाले आत गेले, कॅन्टीनवाला गेला, लेडीज लाइनच्या बाया गेल्या, खरात गेले. मला खात्री होती, आरोप खोटे आहेत म्हटल्यावर लोक खोटेच आहेत म्हणून सांगणार. सगळ्यात शेवटी मला बोलावलं. नाकागावा साहेब कोपऱ्यात बसले होते.

ओनो-सान अतिशय नम्रपणे बोलल्या, आणि दुभाषी मुलीनं तितक्याच नम्रपणे मराठीत सांगितलं. “पहिला आरोप, दुपारची झोप. जितक्यांना विचारलं, तितक्यांनी हो सांगितलं.”

आता तुम्ही म्हणाल, हा खरंच झोपत होता की काय? अहो, मी डोळे मिटून विचार करायचो. टेबलावर डोकं ठेवून. थोडा वेळ. खोटी तक्रार करायची तर काहीतरी ओळखीचं सुचतं माणसाला, म्हणून ती गोष्ट तोंडात आली. आणि मला ठाम वाटायचं, की हे कुणालाही माहीत नाही.

“तुम्ही घोरता असंही सगळ्यांनी सांगितलं,” मुलगी म्हणाली. “त्या वेळात मागच्या बाजूला फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजवायचा नाही, असं लोकांनी आपसांत ठरवून घेतलंय. तुमची झोप मोडू नये म्हणून.”

नाकागावा साहेबांनी थोडीशी हवा ओढली.

“दुसरा, डब्यांचा आरोप खोटा निघाला. कॅन्टीनवाल्यानं एकदाच डबा पाठवला होता, तो तुम्ही मीठ जास्त आहे म्हणून परत पाठवलात. तिसरा, तुम्ही कुणाला बोलू देत नाही; रजेच्या वेळच्या गोष्टी आम्ही ह्यातच धरल्या. हा खरा निघाला. लोक म्हणाले, हे आम्ही त्यांना सांगायचा बऱ्याचदा प्रयत्न केला, पण त्यांनी बोलू दिलं नाही.”

“नाही, एक मिनिट, त्याचं असंय की...” मी सुरू केलं. ओनो-साननी वहीत काहीतरी लिहिलं. मी थांबलो.

“आणि शेवटचा, सगळ्यात गंभीर. भीती.” ओनो-साननी चष्मा काढला. “हा आरोप पूर्ण निराधार आहे. तुम्हाला कुणीच घाबरत नाही. आम्ही प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारलं. लोकांना प्रश्नच कळेना. काही जण हसले. श्री. खरातांना तर पाणी द्यावं लागलं.”

काय वाटलं असेल मला? मी सुटलो म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. पण इतकी वर्षं मी भुवया वर करून शॉप फ्लोअरवरून चालतोय, घसा खाकरतोय, आणि कणभर धाक नाही? त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी तुटलं, आणि मी बोलून गेलो.

“ही तक्रार मीच केलीय.”

दुभाषी मुलीनं भाषांतर करायच्या आधी माझ्याकडं बघितलं. “काका, असंच सांगू?”

“असंच सांग.”

तिनं सांगितलं. ओनो-साननी पेन बंद केलं, उठून बाहेर गेल्या, टोकियोला फोन लावला. बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं. परत येऊन बसल्या.

“शेजूळ-सान, तक्रारदाराची ओळख उघड करायचा प्रयत्न करणं हा धोरणाचा भंग आहे.”

“पण तक्रारदार मी आहे.”

“तसं तुम्ही म्हणता. आरोपी कधीकधी म्हणतात. तक्रार खोटी पाडायचा तो एक मार्ग आहे.”

“माझ्या बायकोच्या मोबाइलवरून केला फोन. नंबर बघा.”

“लाइनवर नंबर दिसत नाहीत. मुद्दाम तशी व्यवस्था आहे, कुणाला कळू नये म्हणून.”

“माझ्या बायकोनं ऐकलंय. तिला विचारा.”

“पत्नी म्हणजे संबंधित पक्ष,” ओनो-सान म्हणाल्या. “तिची साक्ष कमिटी धरणार नाही.”

आता बघा, तो फोनवाला मीच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडं पुरावा नाही. मग मला एकच मार्ग दिसला. मी उभा राहिलो, कंबर थोडी वाकवली आणि तोच आवाज काढला, पैठणच्या चुलत्याचा. “त्यो शेजूळ साहेब हाय ना, एचआरचा, त्यो जेवण झालं की झोपतोय. कडी लावून. लई भीती वाटती बाई त्याची. सगळा कारखाना चळचळा कापतोय.” गळाही दाटून आणला. हातही जोडले.

तेवढ्यात बाहेरून, दाराच्या पलीकडून, खरातांचा भरदार आवाज आला, “अरे बाप रे, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.”

ओनो-सान माझ्याकडं बघत होत्या. टोकियोत त्यांनी त्या फोनची ध्वनिफीत ऐकली होती. मराठी कळत नसलं तरी आवाज कळतोच ना. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. नाकागावा साहेब तर भिंतीकडं तोंड करून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

“माझा तुमच्यावर विश्वास बसला,” ओनो-सान म्हणाल्या. “पण हे मला लिहिता येणार नाही. तक्रारदार कोण हे आम्हाला कळलं, असं एकदा कागदावर आलं, तर उद्या कुठल्याच कारखान्यातला माणूस त्या लाइनवर विश्वास ठेवणार नाही. त्यामुळं तक्रारदार अज्ञात राहील.”

“आणि मी?”

“तुम्ही आरोपी राहाल. दोन आरोप सिद्ध, दोन असिद्ध. समज देऊन प्रकरण बंद.” मग त्या उठल्या, पुन्हा वाकल्या, आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, “फोन तपासल्याबद्दल आभार.”

नोकरी वाचली. पण समजपत्र मिळालं, आणि त्यात लिहिलं होतं, की मी त्या शूर तक्रारदाराविषयी मनात आकस ठेवू नये. वर्षानं ते वाचलं. ती म्हणाली, “ठेवा की थोडा आकस.”

पवारला मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चहा पाजला आणि तक्रार त्यानं केलेली नाही असं खरातांकडून जाहीर करवून घेतलं. दुपारची झोपही बंद केली. अगदी बंद. पण झोपायचं नाही म्हटल्यावर तो वेळ जाईना. रिकाम्या माणसानं करायचं काय? मी जेवण झालं की नाकागावा साहेबांच्या केबिनमधी जाऊन बसायला लागलो. म्हटलं, ह्या सगळ्यात साहेबांनी आपल्याला सांभाळलं, आपणही त्यांना आपली माणसं, आपला भाग समजावून सांगावा. मी त्यांना जायकवाडीचं धरण भरतं कसं ते सांगितलं, वेरूळला आमच्या मावसभावाचं लग्न झालं तेव्हाचा सगळा घोळ सांगितला, माझ्या तरुणपणच्या गोष्टी सांगितल्या. साहेब ऐकायचे. हवा ओढायचे, पण मला वाटायचं जेवण जड झालंय.

थोड्या दिवसांनी ओनो-सानचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीची मासिक विचारणा. दुभाषी मुलगीही होती स्क्रीनवर.

“ह्या महिन्यात एक तक्रार आहे,” ओनो-सान म्हणाल्या. “गंभीर नाही, विनंतीसारखी आहे. मी वाचते. ‘एचआर मॅनेजर शेजूळ यांनी दुपारची झोप बंद केल्यापासून इतरांच्या कामात फार अडथळा येतो. त्यांना जेवणानंतर पुन्हा झोपू द्यावे, ही नम्र विनंती.’”

मला मनापासून वाईट वाटलं. कारण मी कुणाच्या कामात अडथळा आणला, तेच मला आठवेना. मी म्हणालो, “मॅडम, आमच्या लोकांची मराठी जरा वेगळी असते. भाषांतरात काही चूक तर नाही ना झाली?”

दुभाषी मुलगी घाईघाईनं म्हणाली, “काका, त्या तक्रारीचं जपानी मी नाही केलं.”

“भाषांतराची गरज पडली नाही,” ओनो-सान म्हणाल्या. “तक्रार जपानीतच होती.”

मी कॉल बंद केला. समोरच्या काचेतून एमडींची केबिन दिसते. साहेब मान खाली घालून फार मन लावून काहीतरी वाचत होते.

तक्रारदार कोण, हे शोधायचा मी बिलकूल प्रयत्न केला नाही. धोरणच आहे तसं. फक्त त्या दिवसापासून जेवण झालं की मी गुमान ट्रेनिंग रूममधी जातो, कडी लावतो आणि कंपनीच्या हितासाठी झोपतो.